मदत हवी आहे: होडीच्या सुकाणूचे बोल्ट ३०४ स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत की ३१६ चे?

नमस्कार मंडळी,
आम्ही देवगडकडचे. बाबांची फायबरची होडी सध्या शाकारून वर ओढून ठेवलीय. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात जाईल, त्याआधी सुकाणूच्या बिजागऱ्या आणि बोल्ट नवे घालायचेत.

जुन्या बोल्टांची डोकी वरून चकचकीत, वॉशरखालून मात्र तपकिरी पाणी झिरपत होतं. पाना लावल्यावर दोन बोल्ट मधेच तुटले. फायबरच्या आत दडलेला भाग कुरतडल्यासारखा झाला होता, बोटाला खळगे लागत होते.

फॅब्रिकेटर म्हणतो, ३०४ घाला, लोहचुंबक चिकटला नाही की माल चांगला. मला पटत नाही, कारण तुटलेल्या बोल्टांनाही चुंबक चिकटत नाही. ३१६ महाग पडतं. पण खाडीच्या तोंडाशी सुकाणू निसटलं तर होडीतल्या माणसांचं काय, हा विचार आला की पैशाचा हिशेब मागे पडतो.

३१६ कायम पाण्याखाली टिकेल का? आणि ते खरंच ३१६ आहे हे ओळखायचं कसं? बिजागऱ्यांना वेल्डिंगही करावं लागणार आहे.

प्रतिसाद:
दादा, चुंबकावर अजिबात जाऊ नका. २०२ या स्वस्त स्टेनलेसलाही तो सहसा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. समुद्राकाठी ते लवकर गंजतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात खळगे पडायला त्यानेच आळा बसतो. बोल्टच्या डोक्यावर ए४-७० किंवा ए४-८० असं उमटवलेलं बघून घ्या. ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचा, ए२ म्हणजे ३०४ च्या.

पण तुमचे बोल्ट गेले ते फटीमुळे. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर ऑक्सिजन मिळाला तरच पुन्हा धरतो. वॉशरखाली कोंडलेल्या खाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की थर फुटतो आणि धातू आतून खाल्ला जातो. ३१६ चंही हेच होतं, फक्त उशिरा. म्हणून भोकात आणि वॉशरखाली पॉलिसल्फाइड सीलंट हात न आखडता भरा. पाण्याखालचे बोल्ट परवडत असतील तर डुप्लेक्स २२०५ चे (३१६ पेक्षा गंजाला जास्त दाद न देणारं स्टेनलेस) घ्या, शिवाय जस्ताचा ॲनोड लावा, म्हणजे बोल्टाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा.

बिजागऱ्यांना ३१६ एल पट्टी वापरा, म्हणजे वेल्डिंगला चालणारं कमी कार्बनचं ३१६. लोखंडावर चाललेली ग्राइंडिंग डिस्क त्यांना लावू देऊ नका, लोखंडाचे कण रुतून तिथूनच गंज सुरू होतो. वेल्डचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करायची आम्लाची पेस्ट) काढून घ्या.

धागाकर्ता:
खूप आभार, फॅब्रिकेटरला हे वाचूनच दाखवतो. ॲनोड सुकाणूवर लावायचा की होडीच्या बुडाला?

प्रतिसाद:
पाण्याखालच्या बिजागरीवरच, धातूला धातू टेकवून. मधे रंग असेल तर खरवडून काढा, आणि ॲनोडवर रंग चढवू नका, त्याचं काम थांबतं.