संजय गांधी निराधार योजनेत एकच गोष्ट बदलायची तर कुठली? अपंगांनीच सांगा

कुबडीवाला:
नमस्कार मंडळी. मला पोलिओ, दोन्ही पायांना कॅलिपर, सर्टिफिकेटवर अपंगत्व ७० टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आपला निराधारचा पगार, म्हणजे महिन्याचं अनुदान, १५०० चा २५०० केला तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, काय मग, आता मजा आहे! मजा कसली डोंबलाची. वाढ झाली ते चांगलंच झालं, पण २५०० की बच्चू कडूंनी मोझरीच्या उपोषणात मागितले तसे ६००० यावरच सगळी चर्चा अडकलीय आणि ती करणारेही बहुतेक धडधाकट. म्हणून इथे विचारतोय, उद्या ही सगळी व्यवस्था नव्याने मांडायला तुम्हालाच बसवलं तर आधी काय बदलाल? रक्कम सोडून बोला. घरच्यांनी लिहिलं तरी चालेल, फक्त कोणासाठी लिहिताय ते सांगा.

पांढरीकाठी:
उत्पन्नाची अट. बाकी सगळं नंतर. आपल्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला चार हजार शे-दीडशे. घरातलं एक माणूस नेमाने रोजंदारीवर गेलं तरी लिमिट ओलांडते. मग होतं काय, दाखल्यावरचा आकडा खोटा आहे हे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, तरी तोच काढावा लागतो आणि पुढे पडताळणी निघाली की चोर आपणच. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची लिमिट आणि आंधळ्याला पन्नास हजारांची, हे गणित कोणीतरी समजावून सांगा राव. आणि मुळात घरचं उत्पन्न का मोजता? माझं स्वतःचं शून्य आहे. बायको मेसमध्ये पोळ्या लाटते, तिच्या कमाईवरून माझा पगार अडवायचा म्हणजे आंधळ्याशी लग्न केलं म्हणून तिलाच दंड झाला ना.

खुर्चीवाली:
पटलं, पण माझं पहिलं उत्तर मदतनीस भत्ता. माझी स्पायनल इंज्युरी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २४ काढून वाचा, जास्त आधार लागणाऱ्यांना मदतनिसासाठी भत्ता, असं त्यात आहे. कॅथेटर, अंघोळ, खुर्चीत बसवणं सगळं आई करते आणि तिची स्वतःची कंबर गेलीय. २५०० मध्ये शहरात एक वेळची बाई मिळते का बघा. चालता येणाऱ्याला आणि मला सेम रक्कम (कुबडीवाला, तुम्हाला टोमणा नाही हां). केंद्राच्या अपंग पेन्शनचं तर विचारूच नका, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त पाहिजे, दारिद्र्यरेषेखाली पाहिजे आणि हातावर ठेवणार ३००, तेही २०१२ पासून तेवढेच.

आणखी एक, त्याच कलमात लिहिलंय की तशाच दुसऱ्या योजनेपेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त द्या. २०२४ ला लाडकी बहीण आली ती १५०० ची, आम्हीपण १५०० वरच, आणि मला निराधारचे मिळतात म्हणून लाडक्या बहिणीचे बंद. तशीच योजना कशाला म्हणायचं यावर वकील भांडत बसतील, पण माझ्या पासबुकात दोन्हीचा आकडा एकच होता.

कुबडीवाला:
टोमणा नाही लागला. पण मी चालत जात नाही ताई, रिक्षाने जातो. हयातीच्या दाखल्यासाठी जाऊन-येऊन १६० रुपये आणि ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बसत बसत चढलो आणि जिवंत आहे हे दाखवून आलो. अपंग असण्याचाच जो जादा खर्च असतो, रिक्षा, कॅलिपरचे पट्टे, तुमच्या कॅथेटरच्या पिशव्या, तो आपल्या योजनेत कुठेच धरलेला नाही.

गडचिरोलीकर:
मुलीसाठी लिहितोय, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार. नवीन कायद्याने ७ चे २१ प्रकार केले त्यात हा आजार आला, आनंद झाला. पण टक्के मोजणार कसे? दुखणं उठलं की आठवडाभर अंथरूण आणि अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभी राहिली त्या दिवशी नेमकी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले काही तर दिसत नाही. ४० च्या खाली आले तर सगळंच गेलं. दिसणाऱ्या अपंगत्वासाठी बनवलेली मोजपट्टी आहे ही, मी आधी ती बदलेन.

शांतता_राखा:
मी कर्णबधिर. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळे पगारावरच बोलताय. मला डेटा एन्ट्रीचं काम मिळत होतं, आठ हजार, कंत्राटी, कधीही काढतील असं. घरचे म्हणाले नको घेऊ, उत्पन्न दिसलं की निराधार बंद होईल आणि परत चालू करायला वर्ष जाईल. घेतलं नाही. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण कागदावर आहेच, पण हा धाक आहे तोवर माणूस छोटं काम घ्यायलाच घाबरतो. कमाई वाढेल तसा पगार हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. काम सुटलं तर आपोआप चालू व्हावा, नवीन अर्ज नको.

पांढरीकाठी:
हे मला सुचलंच नव्हतं. पण आधी लिमिट वाढली पाहिजे, नाहीतर हळूहळू कमी करायला मुळात उरतंय काय?

शांतता_राखा:
दोन्ही एकदम मागा ना. तुकड्या-तुकड्याने मागितलं की तुकडेच मिळतात.

खुर्चीवाली:
दिव्यांग कल्याणचा वेगळा विभाग २०२२ च्या डिसेंबरात झालाय, त्यांच्याकडे मदतनीस भत्त्याचा अर्ज कोणी केलाय का? मसुदा असेल तर इथे टाका, युनिकोडमध्ये, फोटो नको, पांढरीकाठींच्या स्क्रीन रीडरला फोटो वाचता येत नाही.