खाडीत रात्री नांगरलेल्या बोटींनी आवाजाचे कोणते संकेत पाळावेत?

शीड-सुकाणू (बेलापूर)

नमस्कार. माझ्याकडे सात मीटर लांबीची शिडाची लहान बोट असून गेली चार वर्षे ती पनवेल खाडीत, बेलापूरच्या बाजूला नांगरलेली असते. हिवाळ्यात महिन्यातून दोन-तीन शनिवारी मी आणि माझी पत्नी रात्री बोटीवरच मुक्काम करतो. आमच्या आसपास कोळी बांधवांच्या दहा-बारा होड्या असतात आणि अलीकडे हौसेने बोट बाळगणारी तीन-चार कुटुंबेही तेथे येऊ लागली आहेत.

त्यांपैकी एका बोटीवर फ्रिज आणि दिव्यांसाठी जनरेटर चालतो आणि सोबत स्पीकरवर गाणी असतात. मी एकदा शांतपणे विषय काढला, तेव्हा ‘ध्वनिक्षेपकाला रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मनाई आहे, आम्ही पावणेदहाला बंद करतो,’ असे उत्तर मिळाले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाहता ते वेळेबाबत चुकीचे बोलत नव्हते. मात्र त्याच गृहस्थांनी पुढे असे सुचवले की, पहाटे तीन वाजता मासेमारीच्या होड्यांची इंजिने सुरू होतात, त्यांच्याविरुद्ध आपण सर्वांनी मिळून तक्रार करावी. ही सूचना मला मनापासून अन्यायाची वाटली, पण ती अन्यायाची का, हे तेथल्या तेथे नेमक्या शब्दांत सांगता आले नाही. अशा ठिकाणी कोणते संकेत पाळावेत आणि दोन्ही आवाजांत फरक कसा करावा, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना नाविक (ठाणे)

मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे आधी आवाज पाण्यावर कसा वागतो ते सांगतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. एखादा जनरेटर सात मीटरवर ७० डेसिबल ऐकू येत असेल, तर चौदा मीटरवर तो ६४, अठ्ठावीस मीटरवर ५८ आणि छप्पन्न मीटरवर ५२ राहतो. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे शंभर मीटरच्या पुढे गेल्याशिवाय हा जनरेटर त्या मर्यादेत येत नाही. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री खालच्या थरातील हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. खाली सपाट पाणी असते, ते आवाज शोषत नाही. म्हणूनच खाडीत पलीकडच्या बोटीवरचे साधे बोलणेसुद्धा शब्दन् शब्द ऐकू येते आणि बोलणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

वाऱ्याचाही विचार करावा. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि वाऱ्याच्या दिशेने आवाज अधिक लांब जातो. ज्याला जनरेटर लावायचाच आहे, त्याने वस्तीच्या आणि इतर बोटींच्या वाऱ्याखालच्या बाजूस, म्हणजे खाडीच्या मुखाकडे नांगर टाकावा. खाडीत बोट वाऱ्यापेक्षा प्रवाहाने अधिक फिरते, त्यामुळे भरतीचा प्रवाह उलटून ओहोटी लागली की तिचे तोंड पूर्ण फिरते. संध्याकाळी जनरेटर शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवला होता, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण काही तासांनी तोच जनरेटर त्याच्या कानाशी आलेला असतो.

आपली बोट शिडाची आहे म्हणून विचारतो, शीड चढवण्याच्या दोऱ्या रात्री डोलकाठीपासून दूर ओढून बांधता का? ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर दोरी आपटत राहिली की तो ठोका रात्रभर थांबत नाही आणि आतल्या माणसाला तो सवयीने ऐकू येईनासा होतो.

एका गोष्टीत मात्र शांततेचा आग्रह कधीही धरू नये. वळताना किंवा मागे येताना दिलेले भोंग्याचे इशारे, नांगर घसरत असल्याची हाक आणि दाट धुक्यात नांगरलेल्या बोटीने करायचा आवाज हे सुरक्षेचे आवाज आहेत. धुक्यात बारा मीटरपेक्षा लहान बोटीनेही दर दोन मिनिटांच्या आत कोणता ना कोणता स्पष्ट ध्वनी केला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

नाखव्याची लेक (नवी मुंबई)

शीड-सुकाणू काका, आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल आभार. माझे वडील खाडीत आणि खाडीबाहेर मासेमारी करतात, म्हणून तीन वाजता इंजिन का सुरू होते तेवढे सांगते.

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते कळते. खाडीत आत ती थोडी उशिरा येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बाराच्या आसपास. भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे हीच वेळ दुपारी धरा आणि रात्रीही धरा. भरती भरून ओहोटीची ओढ लागली की होडी तिच्याबरोबर बाहेर काढतात, कारण पाणी उतरल्यावर चिखलातून होडी हलत नाही. म्हणजे चतुर्थीच्या रात्री तीन वाजता इंजिन लावणारा माणूस दोनला उठलेला असतो आणि आठला झोपायला गेलेला असतो. उधाणाच्या दिवसांत तो मध्यरात्री निघतो, म्हणून दिवस मावळताच झोपतो. त्याची रात्र घड्याळाने ठरत नाही आणि ती रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

आता त्या गृहस्थांचे पावणेदहा पाहा. कायद्याची वेळ पाळल्याचे त्यांचे समाधान खरे असेलही, पण चतुर्थीला पावणेदहापर्यंत वाजलेल्या गाण्यांनी माझ्या वडिलांच्या सहा तासांच्या झोपेतले पावणेदोन तास जातात. अपुऱ्या झोपेने अंधारात होडी हाकणे आणि जाळे ओढणे किती धोक्याचे आहे, हे आमच्या घराने अनुभवले आहे. आपल्याला फरक सांगता आला नाही असे आपण लिहिले आहे. मला तो असा दिसतो: इंजिनाची वेळ पाणी ठरवते, ती आमच्या हातात नाही, गाण्यांची वेळ मात्र लावणाऱ्याच्या हातात आहे.

याचा अर्थ आमच्याकडून काहीच होऊ शकत नाही असा मुळीच नाही. एका होडीवरून दुसऱ्या होडीवर मोठमोठ्याने हाका मारणे टाळता येते, इंजिन लावल्यावर जागेवरच ते ताणत न बसता लगेच निघता येते आणि सायलेन्सर फुटला असेल तर तो वेळेवर बदलता येतो. वडील तर ओहोटीची ओढ चांगली असेल तेव्हा इतर होड्यांमधून वल्ह्याने बाहेर पडतात आणि मोकळ्या पाण्यात गेल्यावर इंजिन लावतात. सर्वांनी तसे करावे असे मी म्हणणार नाही, कारण वारा विरुद्ध असला की ते जमत नाही.

बॅटरीवर विश्वास (ऐरोली)

माझ्या बोटीवरही पूर्वी जनरेटर होता, त्यामुळे फक्त विजेचा हिशेब देतो. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॉट-तास वीज मावते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० धरू. पाच वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास जाळले तर शंभर वॉट-तास लागतात. बारा व्होल्टचा लहान कॉम्प्रेसरवाला फ्रिज संध्याकाळी नीट थंड करून ठेवला, तर उरलेल्या विजेत तो रात्रभर आरामात चालतो. दुपारी सौर पॅनेलने किंवा बोट चालवतानाच इंजिनावर बॅटरी भरून घ्यावी. नांगर टाकल्यानंतर जनरेटरची गरज मला गेल्या दोन वर्षांत पडलेली नाही.

पाणथळ (नेरूळ)

खाडीत झोपणारी फक्त माणसेच नाहीत, म्हणून एक मुद्दा जोडते. ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. पण पक्षी त्या हद्दीत थांबत नाहीत. ओहोटीला ते चिखलावर खातात आणि भरतीने चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन विश्रांती घेतात. बोटी फिरवायला सोयीची वेळ भरतीची आणि पक्ष्यांच्या विश्रांतीची वेळही तीच. थवा पुन्हा पुन्हा उठवला गेला तर खाऊन मिळवलेली शक्ती उडण्यात खर्च होते, म्हणून काठाच्या पाणथळ जागांजवळून जाताना तरी इंजिन मंद ठेवावे आणि स्पीकर बंद असावा.

शीड-सुकाणू (बेलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बोटीवर जाऊन पाहिले, तर माझ्याच एका दोरीने डोलकाठीवर घासून खूण पाडलेली आढळली. जुन्या नाविकांनी म्हटल्याप्रमाणे तो ठोका आम्हाला ऐकूच येत नव्हता. शेजारच्या होडीवरच्या खलाशाला विचारले, तेव्हा ‘येतो आवाज, पण सांगायचं कसं,’ एवढेच तो म्हणाला आणि मला फार वाईट वाटले. दोरी आता बाजूला ओढून बांधली आहे.

जनरेटरवाल्या गृहस्थांना तिथीचा हिशेब आणि बॅटरीचे आकडे दोन्ही सांगितले. तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बॅटरीचा खर्च ते विचारात घेत आहेत आणि तोपर्यंत जनरेटर दुपारी चार ते सहा चालवून नंतर बंद ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. स्पीकरबाबत मात्र त्यांनी अजून काही शब्द दिलेला नाही, त्यासाठी पुन्हा भेटेन.

आमचा पुढचा मुक्काम संकष्टीच्या रात्री येतो, म्हणजे होड्या पहाटे तीननंतर निघणार. पत्नीचा उपवास चंद्रोदयानंतर, नऊच्या सुमारास सुटतो आणि आजवर आम्ही त्याच वेळी कुकर लावत आलो आहोत. या वेळी कुकरच्या शिट्ट्या संध्याकाळी पाचच्या आत उरकून जेवण डब्यात गरम ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे.