घरात रेंज कुठे येते? सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता आईच्या छातीत दुखायला लागलं. आमचं घर साताऱ्यात माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. आजोबांनी बांधलेलं, खाली दगड, वर विटा. आई मागच्या खोलीत झोपते आणि त्या खोलीत रेंज येत नाही. म्हणून बाबा तिला तसंच ठेवून पुढे आले, दार उघडून रस्त्यावर उभे राहिले आणि तिथून १०८ ला फोन लावला. आई आता बरी आहे. पण ती दोन-तीन मिनिटं ती खोलीत एकटी होती, हे माझ्या मनातून जात नाही.

कंपनीकडे तक्रार केली. त्यांचा माणूस आला, दारासमोर उभा राहून फोन बघितला आणि म्हणाला, "ताई, इथे फुल रेंज आहे. घरातलं आम्ही सांगू शकत नाही." मी रिचार्ज करते तो काय रस्त्यात उभं राहून बोलण्यासाठी? कंपनीकडून घरातल्या रेंजची अपेक्षा ठेवणं रास्त आहे की नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. भिंत कशाची, छप्पर कशाचं, घरात फोन नक्की कुठे लागतो, काय करून पाहिलं, सगळं लिहा. कंपनीचं नाव मात्र नको. जिची रेंज माझ्याकडे येत नाही तिचीच दोन गल्ल्या पलीकडे उत्तम येते, त्यामुळे नावाने कुणाचा फायदा होणार नाही.

वाई, गंगापुरी. निवृत्त शिक्षिका

आमच्या वाड्याची भिंत अडीच फुटांची, दगड आणि पांढऱ्या मातीची. उन्हाळ्यात पंखा लागत नाही इतकं गार असतं. त्याच भिंतीमुळे माजघरात फोन मुका होतो. माडीवर जिन्याशेजारच्या खिडकीत एक कोनाडा आहे, तिथे ठेवला तरच वाजतो. मी खाली स्वयंपाकघरात आणि फोन वर कोनाड्यात. गुडघे दुखतात, जिना चढेपर्यंत वाजायचा थांबतो. मग मुलगा घाबरून शेजाऱ्यांना फोन करतो.

तीस वर्षं आमच्या माजघरात तारेचा फोन होता. भाकऱ्या थापता थापता मी माहेरी बोलत असे. मोबाइल आला आणि फोन घराबाहेर गेला. मोबाइल आहे ना, मग दोन बिलं कशाला, म्हणून आम्ही तो जुना फोन काढून टाकला आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मी काही डोंगरावर बसून बोलायला मागत नाही. पूर्वी घरात फोन जिथे होता तिथे तो चालावा, एवढंच म्हणणं आहे.

कराड. टॉवरच्या देखभालीच्या कामावर आहे

सातारच्या ताईंना जे उत्तर मिळालं ते लोकांना खोटं वाटतं, पण त्यामागचं कारण समजून घ्या. सरकारने कंपन्यांना ज्या अटी घातल्या त्यांत मोजमाप बरंचसं रस्त्यावरचं आहे. २०१० साली थ्री-जीचा लिलाव झाला, त्यातही कव्हरेजची अट रस्त्याच्या पातळीवरचीच होती. गाडीत यंत्र ठेवून शहरभर फिरायचं आणि आकडे घ्यायचे, ही आमची नेहमीची चाचणी. गाडी तुमच्या माजघरात येत नाही.

दुसरं म्हणजे लहरी. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा फाइव्ह-जीची ३३०० वाली लहर भिंतीत लवकर दमते. तिचा वेग भारी, पण खिडकीपाशी. त्यामुळे दारात फाइव्ह-जी दिसतं आणि आतल्या खोलीत काहीच नाही, असं होतं.

तिसरी गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. टॉवरची ताकद दहा-वीस वॅटच्या घरात किंवा त्याहून जास्त असते. तुमच्या फोर-जी फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. "मला तुझं ऐकू येतंय, तुला येतंय का?" हे जे चालतं ते बऱ्याचदा यामुळेच. आणि टॉवर लांब असला की फोन पूर्ण ताकद लावतो, म्हणून रेंज नसलेल्या घरात बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते.

काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या पद्धतीने दाखवतो. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की बहुतेक अँड्रॉइड फोनवर सिग्नलचा उणे आकडा दिसतो. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० ला आवाज तुटायला लागतो, उणे १२० म्हणजे जवळजवळ गेलाच. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. खोलीवार आकडे लिहून तक्रार करा. नुसतं 'रेंज नाही' म्हटलं तर कंपनीचा माणूस दारातून परत जातो, आकडे पुढे ठेवले की त्याला आत यावं लागतं.

आणि ताई, एक महत्त्वाचं. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कोणाची असली, तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लागतो. फोन त्या वेळी मिळेल तो टॉवर धरतो. १०८ च्या बाबतीत यावर विसंबू नका. तुमच्या मागच्या खोलीत दुसऱ्या कंपनीची थोडी तरी रेंज असेल तर ११२ तिथूनच लागेल. आईंना हे सांगून ठेवा.

तासगाव

आमचं पत्र्याचं घर. उन्हाळ्यात तापतं म्हणून गेल्या वर्षी पत्र्याखाली चंदेरी फॉइलचं अस्तर लावलं. घर गार झालं आणि रेंज त्याच दिवशी गेली. धातूतून लहर जात नाही, हे लावणाऱ्याने सांगायला हवं होतं. आता फोन खिडकीच्या गजाला पिशवीत टांगलेला असतो.

पाटण तालुका, कोयनेच्या खोऱ्यातलं गाव

आमचं गाव दोन डोंगरांच्या मधी. घरात तर सोडाच, अंगणात पण रेंज न्हाई. देवळामागं एक टेकाड हाय, तिथं सगळं गाव फोन घिऊन उभं असतंय.

पूर्वी ह्याचं एवढं वाटायचं न्हाई. बोलायचं असलं तर चढायचं टेकाडावर. पण आता समदं ओटीपीवर आलंय. गॅसची गाडी आली की कोड मागत्यात, तो फोनवर येतो. लाडकी बहीणच्या केवायसीला माझ्या बायकोला ओटीपी पायजे होता. मशिनवाला खाली शाळंत बसलेला, पोरगं फोन घिऊन टेकाडावर, ओटीपी आला की ते वरनं आकडे वरडणार आणि खाली कुणीतरी लिहून घेणार. आधारचा ओटीपी धा मिन्टं चालतो. दोनदा वारं सुटलं, आकडा नीट ऐकू आला न्हाई. तिसऱ्यांदा झालं. आख्ख्या गावासमोर वरडून सांगायची ही गोष्ट हाय का? जो आकडा कुणाला सांगू नका म्हणत्यात तोच.

पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिस जाती. टॉवरची बॅटरी संपली की टेकाडावर पण काय न्हाई. आमचं मागणं घरातल्या रेंजचं न्हाईच. अंगणात यावी. म्हाताऱ्या माणसाला टेकाड चढायला लागू नये.

पुणे, माहेर जावळी तालुक्यात

वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, दादा. माझी आई मेढ्याच्या वरच्या अंगाला एकटी राहते. तिच्या पडवीच्या एका कोपऱ्यात, चुलीच्या लाकडांच्या ढिगापाशी, रेंज येते. रोज रात्री आठला ती तिथे पाट टाकून बसते आणि मी फोन लावते. जावळीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत त्या कोपऱ्यात झड येते. आई इरलं घेऊन बसायची. मी म्हणायचे, आज नको बोलूया, तर म्हणायची, "तू बोल गं, मी भिजत न्हाई."

गेल्या दिवाळीत गावात फायबर आलं. इंटरनेट घेतलं आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. सेटिंगमध्ये सिमखाली हा पर्याय असतो, तो चालू केला की साधा फोनच घरच्या इंटरनेटवरून जातो, वेगळे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे हे २०१९-२० पासून आहे, पण मला ते दुकानात कुणी सांगितलं नाही. आता आई चुलीपाशी बसून बोलते. मागे फोडणीचा आवाज येतो.

दोन अडचणी राहतात. लाइट गेली की राऊटर बंद, म्हणून त्याला छोटा बॅकअप घेतला. आणि बँकेचे मेसेज कधी येतात, कधी नाही. शिवाय हे सगळं आमच्या खर्चाने झालं. मोबाइलचा रिचार्ज चालूच आहे.

सांगली, गावभाग

२०१९ च्या महापुरात आम्ही सहा जण दुसऱ्या मजल्यावर होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. लाइट नाही, टॉवर एकेक करून बंद पडत गेले. जो लांबचा एखादा चालू होता त्याची रेंज फक्त गच्चीच्या कठड्यापाशी. घरात फोन नुसता रेंज शोधत राहायचा आणि तासाभरात बॅटरी निम्मी. शेवटी ठरवलं की पाच फोन बंद ठेवायचे, एकच चालू, तोही विमान मोडवर, आणि सकाळ-संध्याकाळ सहा वाजता गच्चीवर नेऊन उघडायचा. बोटवाल्यांशी त्याच वेळी बोलणं झालं. चार दिवस ती बॅटरी पुरली. कृष्णाकाठच्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावं.

सांगली, विश्रामबाग

चूक सांगतो, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही. फ्लॅटमध्ये रेंज नव्हती म्हणून ऑनलाइन सिग्नल बूस्टर मागवला. गच्चीवर अँटेना, घरात डबा. पहिल्या दिवशी चार काड्या आल्या, मी खूश. दोन आठवड्यांनी शेजारच्या दोन इमारतींतले फोन कट व्हायला लागले. सरकारी माणसं मोजमापाची यंत्रं घेऊन शोधत आमच्या गच्चीवर आली. असा बूस्टर परवानगीशिवाय लावणं हा गुन्हा आहे, तो टॉवरकडे जाणारा सगळ्यांचाच सिग्नल बिघडवतो, हे त्यांनी समजावलं. शेजारच्या एका आजींचा डॉक्टरांशी चाललेला फोन माझ्या डब्यामुळे तुटत होता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

मिरज

आम्ही आधी शेजाऱ्याचं सिम मागून घेतलं, चार दिवस स्वयंपाकघरात आणि न्हाणीपाशी वापरून बघितलं, मगच नंबर पोर्ट केला. १९०० ला मेसेज, कोड आला, काम झालं. जाहिरात बघून पोर्ट केलं असतं तर फसलो असतो.

कराडचे टॉवरवाले, पुन्हा

विश्रामबागच्या दादांनी मोकळेपणाने लिहिलं हे बरं केलं. एक विनंतीही करतो. गावभागात, पेठांत आम्ही टॉवरला जागा मागतो तेव्हा खालच्या मजल्यावरून विरोध होतो. टॉवरच्या लहरींची भीती मी समजतो. पण २०१२ पासून भारतातली या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर लांब गेला की तुमच्या कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीने चालतो.

कंपनीची जबाबदारी मात्र यातून सुटत नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. तुमचं घर त्या नकाशात रंगवलेलं असेल आणि आत उणे ११८ येत असेल, तर तेच तक्रारीत लिहा. १९८ वर तक्रार, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील.

धागा सुरू करणारी, माची पेठ

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. टॉवरवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे घरभर फिरून आकडे घेतले. रस्ता उणे ८८. पुढची खोली उणे ९७. मधली उणे १०९. मागची, आईची, उणे १२१. नकाशावर आमची सगळी गल्ली रंगवलेली आहे. १९८ वर चार आकड्यांसकट तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर आलं, 'परिसरातील सिग्नल समाधानकारक आहे.' काल अपील केलं. त्यात लिहिलं की माणूस पाठवणार असाल तर त्याला कृपया आईच्या खोलीत येऊन बसायला सांगा, चहा मी देईन.

वाईच्या बाईंचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, "आपला पण फोन माजघरातच होता."

दोन दिवसांपूर्वी आईची कॉट पुढच्या खोलीत आणून बघितली. तिला तिथे झोप लागत नाही, पहाटेपासून गाड्या सुरू होतात. कॉट परत मागे नेली आणि इंटरनेटचा राऊटर त्या खोलीच्या दाराच्या वर बसवला. जावळीच्या ताईंनी सांगितलं तसं वाय-फाय कॉलिंग चालू केलं. काल रात्री आईने कॉटवर बसून, उशीला टेकून, मामाला फोन लावला. अठरा मिनिटं बोलली. ११२ मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी चिकटवलं आहे.

इन्व्हर्टरची वायर राऊटरपर्यंत पोचत नाही. वायरमन रविवारी येणार आहे.