डीन्यूक्लिअरायझेशन: अण्वस्त्रमुक्ती म्हणायचं की आणखी काही?

शाईचा_डाग
मंडळी, अडलेय. उत्तर कोरियावरच्या एका लांबलचक लेखाचं भाषांतर हातात आहे, उद्या संध्याकाळी द्यायचंय आणि दोन तास एकाच शब्दावर बसलेय. डीन्यूक्लिअरायझेशन. लेखात बावीस वेळा आलाय, मोजले. पेपरवाले सरसकट 'अण्वस्त्रमुक्ती' लिहितात म्हणून मीही तेच लिहून पुढे निघाले होते. पण मग एक वाक्य आलं, की 12 जून 2018 ला सिंगापूरला ट्रम्प आणि किम यांनी ज्या कागदावर सह्या केल्या त्यात हा शब्द होता, आणि दोघांच्या डोक्यात त्याचे अर्थ वेगळे होते. आता माझ्या 'अण्वस्त्रमुक्ती'त दोन अर्थ बसतच नाहीत, ती ऐकली की सगळं छान झालं असंच वाटतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "अणुबॉम्ब काढून घेणे असं लिही, कोणालाही कळेल." कळेल हो, पण कोणी कोणाचा काढून घ्यायचा हेच तर भांडण आहे ना!

खडूस_मास्तर
आधी एक सांगून ठेवतो, 'निःअण्वस्त्रीकरण' लिहू नका, हल्ली फार दिसतं. विसर्गापुढे असा स्वर आला की र् होतो. निः + अपराध = निरपराध, निः + आधार = निराधार, तसं निः + अण्वस्त्र = निरण्वस्त्र. म्हणून शब्द 'निरण्वस्त्रीकरण'. निःशस्त्रीकरणात पुढे श आहे म्हणून तिथे विसर्ग टिकला, तेवढ्यावरून सगळीकडे दोन टिंबं चिकटवायची नसतात.

निवांत
मास्तर, चहाचा घोट तोंडात घेऊन निरण्वस्त्रीकरण म्हणून दाखवा एकदा. लोक अण्वस्त्रमुक्ती म्हणतायत, रुळलंय, विषय संपला. भाषा वापरणाऱ्यांची असते.

खडूस_मास्तर
वापरणारे 'गोमूत्र शिंपडणे' आणि 'गोमूत्र शिंपणे' यात पण फरक करत नाहीत. म्हणून फरक नाही असं नसतं.

तिरकस
मला 'मुक्त'च पटत नाही. तंटामुक्त म्हणजे तंटा नसलेलं, पण मुक्तछंद म्हणजे छंद नसलेला का छंदाला मोकाट सोडलेला? मुक्त अर्थव्यवस्था म्हणजे अर्थव्यवस्था नसलेली? उद्या कोणी 'अण्वस्त्रमुक्त कोरिया' वाचून म्हणेल, अरे वा, तिथे अण्वस्त्रांना मोकळीक दिली वाटतं. तसं बघितलं तर सध्याच्या परिस्थितीला ते जास्तच लागू पडतं 😀

जुना_बातमीदार
डेस्कवर आयुष्य गेलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल. या एका देशापायी आम्ही किती क्रियापदं बदलली ते सांगतो. 1994 च्या ऑक्टोबरात अमेरिकेशी करार झाला तेव्हा शब्द होता 'गोठवणे'. योंगब्योनची अणुभट्टी गोठवायची, बदल्यात विजेसाठी हलक्या (म्हणजे साध्या) पाण्यावरच्या दोन अणुभट्ट्या आणि त्या उभ्या राहीपर्यंत वर्षाला 5 लाख टन इंधन तेल. शब्द प्रामाणिक होता, कारण गोठलेलं वितळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि वितळलंच. 10 जानेवारी 2003 ला ते अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडले. मग अमेरिकेकडून नवीन शब्द आला, 'मोडून काढणे', तोही एकटा नाही, संपूर्ण, पडताळणी करता येईल असं आणि पुन्हा मागे फिरवता येणार नाही असं मोडून काढणे. दोन कॉलमी मथळ्यात हे बसवताना आमच्या उपसंपादकाने 'कायमचा निकाल' असं लिहिलं होतं, त्यावरून त्याला बोलणी बसली होती. मोडून काढायला निदान मोडणारा लागतो. त्याजागी हळूहळू हा तुमचा गुळगुळीत शब्द येऊन बसला आणि क्रियापदच गेलं. ऑक्टोबर 2006 ते सप्टेंबर 2017 सहा चाचण्या झाल्या, सगळ्या पुंग्ये-रीच्या डोंगरात, आणि शब्द मात्र तोच.

अर्धवट_विद्यार्थिनी
मी दोन वर्षं कोरियन शिकतेय (अर्धवटच, नाव उगाच नाही घेतलं). तिकडे शब्द आहे 'बिहेकह्वा'. बि म्हणजे नसणे, निः सारखं, हेक म्हणजे अणुकेंद्र, ह्वा म्हणजे करण. म्हणजे रचना अगदी मास्तरांच्या शब्दाची आहे, सॉरी निवांत. फक्त त्यात 'अस्त्र' कुठेच नाही, हेही बघा. आणि गंमत म्हणजे हे 'हेक' ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा जुना अर्थ फळाची कोय, बाठा. लॅटिनमधला न्यूक्लिअस पण बीच्या गरातूनच आलाय. म्हणजे शब्दशः बघितलं तर सगळं जग गेली तीस वर्षं कोरियाला कोय काढायला सांगतंय.

तिरकस
आणि कोरिया म्हणतोय कोय काढली की उरतो तो नुसता रस, कोणीही चोखावा. लिबियाने डिसेंबर 2003 मध्ये काढून दिली, म्हणजे अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडला, आणि 2011 मध्ये त्यांचा सत्ताधीश गद्दाफी कसा मारला गेला ते प्योंगयांगमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. त्यात 2018 ला ट्रम्पचे सुरक्षा सल्लागार बोल्टनसाहेब जाहीरपणे म्हणतात, आम्ही लिबियाचं मॉडेल डोळ्यासमोर ठेवलंय. अहो, ज्याच्याशी सोयरीक करायचीय त्याला मागच्या जावयाचा फोटो हार घातलेला दाखवता का?

निवांत
दक्षिण आफ्रिकेने पण काढून दिली की. सहा बॉम्ब मोडले, 1991 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात आले, 1993 ला जगाला सांगितलं. त्यांना कोणी काही केलं नाही.

तिरकस
त्यांनी आपणहून मोडले, आणि अंगोलात बसलेली क्युबाची फौजही तोवर परत निघाली होती.

शाईचा_डाग
थांबा थांबा, माझा शब्द. विद्यार्थिनी, कोरियन कागदावर पूर्ण वाक्प्रयोग काय आहे? कोरियाचं की उत्तर कोरियाचं?

अर्धवट_विद्यार्थिनी
हाच तर मुद्दा, ताई. 'कोरियन द्वीपकल्पाचं'. उत्तर कोरियाचं नाही. 1992 च्या जानेवारीत दोन्ही कोरियांनी मिळून जी घोषणा केली तिच्यातही द्वीपकल्पच होतं, कारण त्याच्या आधी म्हणजे 1991 पर्यंत दक्षिणेत अमेरिकेची अण्वस्त्रं होती. वॉशिंग्टनमध्ये हा शब्द ऐकला की किमने बॉम्ब द्यायचे असं ऐकू येतं. प्योंगयांगच्या सरकारी वृत्तसंस्थेने 20 डिसेंबर 2018 ला चक्क खुलासाच केला, की द्वीपकल्प म्हणजे उत्तर आणि दक्षिण दोन्ही, आणि आजूबाजूला जिथून आमच्यावर अमेरिकेचा अणुधोका आहे तो सगळा भाग, तो धोका आधी जायला हवा. म्हणजे सिंगापूरच्या सहीनंतर सहा महिन्यांनी शब्दार्थ सांगितला! दोन महिन्यांनी हनोईत ट्रम्प आणि किमची बोलणी फिसकटली.

जुना_बातमीदार
फिसकटली ती शब्दावरून नाही, किती निर्बंध उठवायचे आणि योंगब्योनच्या बदल्यात आणखी काय द्यायचं यावरून. पण शब्दाने झाकून ठेवलं होतं हे खरं. ज्या शब्दाला दोघंही पटकन हो म्हणतात त्या शब्दावर माझा विश्वास नाही.

शाईचा_डाग
म्हणजे करण म्हटलं की करणारा कोण हे विचारावं लागतं, आणि मुक्ती मात्र वरून आल्यासारखी मिळते. मग मला करणच हवं, फक्त अस्त्र नको. निरण्वीकरण?? (मास्तर, मारू नका.)
बरं, अजून एक. त्याच लेखात सँक्शन्ड व्हेसल्स आहे, म्हणजे निर्बंध घातलेली जहाजं. माझ्या आधी ज्यांच्याकडे हे काम होतं त्यांनी त्याचं 'मंजूर जहाजे' केलंय! सगळा परिच्छेद समुद्रात चोरून एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरण्याबद्दल आहे, आणि मराठीत ती जहाजं परवानगी काढून आलेली.

निवांत
😂😂 त्यांचा दोष नाही. ऑफिसात सँक्शन म्हणजे लोन सँक्शन, रजा सँक्शन. एकच शब्द हो पण आणि नाही पण.

तिरकस
'निर्बंध' तरी कुठे धड आहे. कोरोनानंतर निर्बंध म्हटलं की मला दुकानं चारला बंद आणि तोंडाला मास्क एवढंच आठवतं. आणि मास्तर, तुमच्याच नियमाने निः + बंध म्हणजे बंध नसलेला ना? मग बंधन घालण्याला निर्बंध कसं?

खडूस_मास्तर
निः + बंध नव्हे, निर् + बंध, आणि तिथे निर्ला 'नसणे' असा अर्थ नाही, जोर आहे. निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट हा संस्कृतातला जुना अर्थ. उपसर्ग नेहमी एकाच अर्थाचा नसतो.

तिरकस
म्हणजे सोयीने नसणे, सोयीने जोर. वॉशिंग्टन आणि प्योंगयांग वेगळं काय करतायत?

जुना_बातमीदार
मला 'वाळीत टाकणे' जास्त योग्य वाटतं. निर्बंध कागदावर असतात, वाळीत टाकणं आजूबाजूच्यांनी पाळावं लागतं. 2006 च्या पहिल्या चाचणीनंतर सुरक्षा परिषदेचा 1718 क्रमांकाचा ठराव आला तिथपासून मोजा. डिसेंबर 2017 च्या 2397 व्या ठरावात त्या देशाला मिळणारं शुद्ध केलेलं तेल वर्षाला 5 लाख पिंपांवर आणलं आणि परदेशात कामाला गेलेल्या त्यांच्या मजुरांना दोन वर्षांत परत पाठवा म्हणून सांगितलं. ठरावाला चीन आणि रशिया दोघांनीही हात वर केला होता. पण त्या देशाचा बहुतेक सगळा व्यापार एकट्या चीनशी. वाळीत टाकलेल्याच्या घराला मागचं दार असलं आणि शेजारी रात्री ताट घेऊन येत असला तर वाळीत कसलं? आणि मार्च 2024 मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून निर्बंधांवर नजर ठेवणारा तज्ज्ञांचा गटच बंद पाडला. आता सुरक्षा परिषदेतर्फे मोजायलाही तो गट नाही. म्हणून माझं मत विचाराल तर परत 'गोठवणे'वर या. कमी मागा, पण तपासता येईल असं मागा.

निवांत
पिंप? बॅरल लिहा हो. पिंपात आम्ही पाणी भरतो.

तिरकस
बातमीदारकाका, गोठवणे म्हणजे आहेत ते ठेवा असंच झालं की. मग उद्या प्रत्येकजण आधी बनवेल आणि मग गोठवायला तयार होईल.

जुना_बातमीदार
आहेत ते आहेतच. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी कायदा केला आणि किम म्हणाला की अण्वस्त्रसज्ज देश हा आमचा दर्जा आता मागे फिरवता येणार नाही. लक्षात आलं का, अमेरिकेने 'मोडून काढणे'ला जे विशेषण लावलं होतं तेच उचलून त्याने आपल्या बॉम्बला लावलं. भाषांतरात हे जपा, दोन्हीकडे एकच मराठी शब्द ठेवा, नाहीतर वाचकाला कळणार नाही.

शाईचा_डाग
हे सोनं आहे, काका. ठेवते.

अर्धवट_विद्यार्थिनी
शब्दांचंच चाललंय तर, 2017 मध्ये किमने ट्रम्पला इंग्रजीत 'डोटार्ड' म्हटलं म्हणून अख्खं जग शब्दकोश उघडून बसलं होतं, आठवतंय? मूळ कोरियन शब्द 'नुकदारी'. त्याला म्हातारा म्हणून चालणार नाही, तुच्छता आहे त्यात.

निवांत
थेरडा!! अगदी थेरडा. इंग्रजांना शोधावा लागला, आपल्याकडे तयार आहे.

खडूस_मास्तर
थेरडा हा 'स्थविर'वरून. स्थविर, थेर, थेरडा. बौद्ध भिक्खूंमध्ये थेर म्हणजे आदरणीय ज्येष्ठ. म्हणजे किमने नकळत मानच दिला.

तिरकस
तो 'डा' बसला की मान गेला, मास्तर. म्हाताराचा म्हातारडा करून बघा घरी.

निवांत
म्हातारडा आणि थेरडा एकच नाही पण. म्हातारडा चिडून म्हणतात, थेरड्यात वयाला न शोभणारं काहीतरी करण्याचा वास आहे. ट्रम्पला थेरडाच.

खडूस_मास्तर
माझ्या आजीच्या तोंडी थेरडा साधा 'म्हातारा' या अर्थी ऐकलाय. चिडून नाही, कौतुकानेही नाही.

शाईचा_डाग
परवा फाईल दिली. मी शेवटी 'अण्वस्त्रं हटवणे' केलं, जिथे द्वीपकल्प आहे तिथे 'द्वीपकल्पातून', म्हणजे कोणाची ते वाचणाऱ्याने विचारावं. आज छापून आलं. बावीसच्या बावीस ठिकाणी 'अणुमुक्ती'.

तिरकस
अणुमुक्त द्वीपकल्प? अणूच नाहीत? मग समुद्रच उरला की नुसता.

खडूस_मास्तर
समुद्रालाही अणू असतात.

निवांत
आजी कुठल्या तुमच्या, मास्तर? आमच्याकडे थेरडा म्हटलं की भांडण ठरलेलं.