गुडघा बदलून काही उपयोग झाला नाही, आता काय करायचं? (मदत हवी आहे)

भिंगरी
आईचा गुडघा बदलला. सगळ्यांनी सांगितलं होतं की एकदा ऑपरेशन केलं की प्रश्न मिटला. कसला मिटतोय! दुखतंय, सूज आहे, हात लावला की गरम लागतं, पाय पूर्ण वाकत नाही आणि रात्री तिला झोप नाही (म्हणजे मलाही नाही). डॉक्टर म्हणतात एक्सरे उत्तम आहे. एक्सरेचं काय करू, फ्रेम करून लावू? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का? परत ऑपरेशन करावं लागतं का अशा वेळी? कुणाच्या घरी असं झालं असेल तर लवकर सांगा. आणि कृपा करून "धीर धरा" लिहू नका, ते सांगणारे घरात भरपूर आहेत.

टिंबटिंब
ऑपरेशन कधी झालं?

खडूस_आजोबा
एक गुडघा की दोन्ही? वय काय? आधी किती वाकत होता? मधुमेह आहे का? नुसतं "दुखतंय" लिहिल्यावर लोकांनी काय कवड्या टाकून सांगायचं?

मुंगूस
दुसरं मत घ्याच, वेळ घालवू नका. आणि रोबोटने केलं होतं का? माझ्या सासऱ्यांचं रोबोटने झालं, चौथ्या दिवशी माणूस वॉकर घेऊन सगळ्या मजल्यावर फिरत होता. हाताने करण्याचे दिवस गेले आता.

खडूस_आजोबा
@मुंगूस, रोबोट एकटाच येऊन ऑपरेशन करून जातो असं वाटतंय का तुम्हाला? तो सर्जनच्याच हातात असतो. हाड जास्त नेमकं कापलं जातं हे खरं, पण म्हणून पेशंट जास्त खूश होतात असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि चौथ्या दिवशी वॉकर घेऊन सगळेच चालतात. हल्ली पहिल्या दिवशीच उभं करतात.

हाडवैरी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी महत्त्वाचं विचारते. पोटरी दुखते का, अचानक सुजली का? धाप लागते का, छातीत दुखतं का? ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं? दुखणं कमी होता होता एकदम वाढलं का? यातलं काहीही असेल तर इथे टाइप करत बसू नका, आत्ताच दवाखान्यात जा. रक्ताची गुठळी आणि सांध्यातला जंतुसंसर्ग या दोन गोष्टींत थांबणं परवडत नाही.

काहीच नसेल तर सांगा: कितवा आठवडा आहे, पाय पूर्ण सरळ होतो का (वाकण्याचं नंतर बघू), व्यायाम कोण करून घेतं, आणि झोपताना पायाखाली काय ठेवता?

लंगडी_घालतो
मी माझा अनुभव सांगतो. माझा खुबा बदलला तेव्हा सहाव्या आठवड्यात मी काठी कोपऱ्यात ठेवली ती ठेवलीच. आता कुठल्या बाजूचा बदलला हे आठवायला लागतं. चार्न्ली नावाच्या इंग्रज सर्जनने १९६२ मध्ये आजच्या पद्धतीचा खुबा बसवायला सुरुवात केली, आणि २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखात त्याला शतकातलं ऑपरेशन म्हटलं गेलं. तेव्हा ताई, घाबरू नका. फक्त ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही आणि पायावर पाय टाकून बसायचं नाही, हे पाळा.

खडूस_आजोबा
अहो, त्यांच्या आईचा गुडघा बदललाय. ९० च्या पुढे वाकू नका हे खुब्याचं पथ्य, तेही सुरुवातीच्या काही आठवड्यांचं. इथे तर गुडघा ९० च्या पुढे न्यायचाय. वाचा आणि मग लिहा.

लंगडी_घालतो
धीर देत होतो हो.

हाडवैरी
मुद्दा निघालाच आहे तर लिहिते, कारण खुबेवाले नातेवाईक गुडघेवाल्यांना फार छळतात. खुबा म्हणजे गोल डोकं आणि खोबणी, त्यात भरपूर मांसाचं वेष्टन. गुडघा वरवरचा, वाकताना थोडा घसरतो, थोडा वळतो, आणि हाडं बदलली तरी आजूबाजूचे बंध जुनेच असतात. खुब्याचे पेशंट बहुतेक लवकर खूश होतात. गुडघ्याच्या पेशंटमध्ये साधारण पाचातला एक जण वर्षभरानंतरही "मी समाधानी नाही" म्हणतो. वेगवेगळ्या देशांत विचारून बघितलं तरी आकडा याच्या आसपासच येतो.

मुंगूस
बघा! पाचातला एक फसतो. हे आधी कोणी सांगतं का?

हाडवैरी
असमाधानी आणि फसलेलं यात फरक आहे. त्यातल्या कित्येकांचा एक्सरे चांगला असतो, चाल आधीपेक्षा सुधारलेली असते. मग नाराज का? याचं सगळ्यात ठळक उत्तर दरवेळी तेच येतं: जे होईल असं वाटलं होतं ते झालं नाही. पण आधी सांगत नाहीत, हे तुमचं म्हणणं बरोबर. सांगायला हवं.

भिंगरी
ताप, पोटरी, पू, धाप काही नाही. टाके कोरडे आहेत, ते कधीच निघाले. वय ६८, फक्त उजवा गुडघा, मधुमेह नाही. सातवा आठवडा चालू आहे. ९५ पर्यंत वाकतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा याच वेळेला १२० वाकत होता, त्या रोज फोन करून विचारतात "आता किती?" फिजिओ दोन आठवडे येत होते, आई रडायची म्हणून मीच बंद केलं. आता ती जमेल तसं करते.
झोपताना गुडघ्याखाली मऊ उशी. मीच ठेवते रोज, तेवढंच तिला बरं वाटतं.

टिंबटिंब
सातवा आठवडा!! मला वाटलं दोन वर्षं झाली असतील.

हाडवैरी
उशी काढा. आज रात्रीपासून.

रागावत नाहीये, दहातल्या आठ घरांत हेच चाललेलं बघते. दुखरा गुडघा किंचित वाकवून ठेवला की बरं वाटतं, म्हणून प्रेमाने उशी ठेवली जाते. पण रात्रभर सात-आठ तास तो तसाच राहिला की मागचे स्नायू आणि आवरण त्या लांबीला आखडतात. मग पाय पूर्ण सरळ होत नाही, उभं राहताना मांडी सतत ताठ ठेवावी लागते आणि चालल्यावर मांडीचा पुढचा भाग भरून येतो. पंचवीस अंश कमी वाकलेल्या गुडघ्यापेक्षा दहा अंश कमी सरळ होणारा गुडघा चालताना जास्त त्रास देतो.

आता हे करून बघा. आईला सपाट झोपवा आणि पाय बघा. गुडघ्यामागे तुमचा हात सहज शिरतोय? शिरत असेल तर काम आहे. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी. स्वतःच्या वजनाने तो खाली जातो. पहिल्या दिवशी तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. ओढ बसेल, ती बसायलाच हवी. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी चालू असेल तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचेल अशी वेळ त्यांना विचारून ठरवा. लोक व्यायाम करून रडतात आणि मग गोळी घेतात, उलटं आहे सगळं. नंतर कपड्यात गुंडाळून बर्फ.

आणि फिजिओ परत सुरू करा. तेच पटत नसतील तर दुसरे.

खडूस_आजोबा
पहिल्यांदा काहीतरी कामाचं आलं धाग्यात. पण रडतात म्हणून बंद करणं चूकच. रडल्याशिवाय गुडघा वाकत नाही. आमच्या हिच्या वेळी त्या माणसाने अक्षरशः पायावर वजन टाकून वाकवला. ओरडली, पण वाकला.

हाडवैरी
आजोबा, इथे सहमत नाही. जोर लावून वाकवला की दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट, आणि पेशंट फिजिओचं पाऊल वाजलं तरी पाय ताठ करतो. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, हे एकदा छळण्यापेक्षा कितीतरी बरं.

खडूस_आजोबा
पण तिचा वाकला ना!

हाडवैरी
वाकला. तसा नसता वाकवला तरी वाकला असता की काय, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही.

भिंगरी
तुमचं भांडण नंतर करा. ९५ म्हणजे वाईट का? काकूंचा १२० होता.

हाडवैरी
काकूंचा ऑपरेशनआधी किती होता? नंतर किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज आधी किती वाकत होता त्यावरून येतो. जिना चढाउतरायला साधारण ९० ते १०० लागतात, खुर्चीतून नीट उठायला थोडे जास्त. उकिडवं बसायला १३० च्या बरंच वर, आणि तिथपर्यंत बदललेले गुडघे सहसा पोचत नाहीत. सातव्या आठवड्याला ९५ म्हणजे फार छान नाही, पण रडण्यासारखंही नाही. मात्र सर्जनना हा आकडा आता सांगा. गुडघा अडूनच बसला तर भूल देऊन वाकवून देतात, आणि ते पहिल्या तीनेक महिन्यांत केलं तर जास्त उपयोग होतो. परत ऑपरेशनचं मात्र मनातून काढा. दुखण्याचं नेमकं कारण सापडल्याशिवाय सांधा परत उघडला तर बऱ्याचदा पदरात काही पडत नाही.

टिंबटिंब
अवांतर: गुडघा बदलल्यावर विमानतळावर ते यंत्र वाजतं का? एमआरआय चालतो का?

चाफेकळी
वाजतं. एमआरआय चालतो, आधी सांगून ठेवायचं.

माझा डावा गुडघा बदलून चौदा महिने झाले म्हणून लिहिते. भिंगरी, पहिले तीन महिने मी रोज स्वतःला शिव्या घातल्या. दुखायचं ते एक, पण जास्त त्रास न सांगितलेल्या गोष्टींचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर. अंघोळीला पाणी ओतलं की तिथे ते कुणा दुसऱ्याच्या पायावर पडल्यासारखं वाटे. मला वाटलं नस कापली. खरंच कापली होती, त्वचेची बारीक नस, चीर तिथूनच जाते, आणि हे बहुतेकांना होतं. बधिर भाग आता रुपयाएवढा उरलाय. जिना उतरताना आतून 'टक' असा आवाज, धातू प्लॅस्टिकवर टेकल्याचा. संध्याकाळी गुडघा गरम. तो गरमपणा जवळजवळ आठ महिने होता. आणि पाय लांब झाल्यासारखं वाटायचं, कारण इतकी वर्षं तो फेंगडा होता आणि आता सरळ केलाय. यातलं एकही लक्षण बिघाडाचं नव्हतं. कुणी आधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मी कितीतरी रात्री झोपले असते.

आजही गुडघा टेकून बसवत नाही. विसरते का? दिवसातून बराच वेळ विसरते, पूर्ण नाही. जुनं दुखणं मात्र गेलं, ते हाडाच्या आतून येणारं कुरतडणं. त्याची आठवण काढावी लागते, आणि हेच आपण मोजत नाही.

एक विचारू? "उपयोग झाला नाही" हे आई म्हणतात की तुम्ही?

मुंगूस
मी अजूनही म्हणतो, रोबोट.

लंगडी_घालतो
हा नवा सांधा किती वर्षं टिकतो? माझ्या खुब्याला विचारतोय.

खडूस_आजोबा
२०१९ मध्ये लॅन्सेटमध्येच सांधे बदललेल्या पेशंटच्या नोंदींतले आकडे एकत्र करून आलं होतं: २५ वर्षांनंतर शंभरातले साधारण ८२ गुडघे आणि ५८ खुबे टिकलेले. तुमच्या शतकातल्या ऑपरेशनला गुडघ्याने तिथे मागे टाकलंय. (खुब्यांत जुन्या बनावटीचेही आले, त्यामुळे लगेच घाबरू नका.)

भिंगरी
पाच दिवसांनी लिहितेय. उशी काढली. पहिल्या रात्री आईने मला वैरीण ठरवलं. हात गुडघ्यामागे आरपार शिरत होता, आता बोटं अडतात. टाचेखाली टॉवेल ठेवून ती मोठ्याने आकडे मोजते, आणि सत्तरवरून थेट नव्वदवर जाते. मी बाहेरून ऐकत असते. नवीन फिजिओ आल्या आहेत, हिच्याशी गप्पा मारत पाय कधी वाकवतात कळत नाही. सर्जनची वेळ सोमवारची आहे.

चाफेकळी, तुमचा प्रश्न मी आईला जसाच्या तसा विचारला. म्हणाली, "मी कधी म्हटलं उपयोग नाही? दुखतं म्हटलं." मग विचारलं, ऑपरेशन कशासाठी केलंस? मला वाटलं फिरायला जाणं, खाली बसणं असं काही सांगेल. म्हणाली, "रात्री बाथरूमला जाताना तुला उठवायला लागू नये म्हणून." आणि गेल्या आठवड्यापासून ती एकटीच जातेय, काठी घेऊन, दिवा न लावता. मला जाग येते ती तिच्या दुखण्याने नाही, काठीच्या आवाजाने. सांगितलं नव्हतं कारण मी ओरडले असते. (ओरडलेच. दिवा लावायला सांगितलंय.)

काकूंना आकडा सांगणं बंद केलंय. त्यांचा आधी १२५ वाकायचा, म्हणजे त्यांचा कमीच झाला! आईचा आधी ९० होता, फाईलमध्ये लिहिलेलं सापडलं. इतके दिवस फाईल कपाटावरच होती.

आता नवीन प्रश्न. आई विचारतेय डावा कधी करायचा. मी म्हटलं नाव काढू नकोस. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

खडूस_आजोबा
वेगळा काढा. आणि या वेळी वय पहिल्या ओळीत लिहा.