रमजान सरकतो कसा, आणि सूट कोणाला

वर दोन प्रश्न आलेत: रमजान दर वर्षी वेगळ्या दिवसांत का येतो, आणि आजारी माणसानेही रोजा ठेवायचाच का?

हिजरी, म्हणजे इस्लामी वर्ष चंद्राचं, ३५४-३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगातला अधिक महिना त्यात नाही, म्हणून रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. गोव्यात दिवस फारसा लहानमोठा होत नाही, फरक हवेचा. फोंड्यात मे महिन्यात घामाने निथळत असताना पाण्याचा थेंबही न घेणं सोपं नाही.

सूट कुराणातच आहे (सूरा म्हणजे अध्याय २, आयत म्हणजे वचन १८४-१८५). आजारी आणि प्रवासी यांनी सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्यांना पुढेही जमणार नाही अशा थकलेल्या वृद्धांनी प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं. पाळीच्या दिवसांत बाई रोजा ठेवत नाही, नमाजही पढत नाही. रोजे पुढे भरते, नमाज मात्र भरायची नसते. 'फार कडक धर्म' म्हणणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. तरी हट्टाने रोजे धरणारे असतातच! मधुमेह असेल तर किमान आधी डॉक्टरांना विचारा, इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागतात.