विषय: 'माका नाका' म्हणजे नक्की काय?

मंडळी, नमस्कार.

यंदा गणेशोत्सवात सात ते दहा वर्षांची मुलं 'ईना मीना डिका'वर नाचणार आहेत. पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली दोन ओळी अर्थ छापायचा आपला रिवाज, आणि इथेच घोडं अडलंय. एक ताई म्हणतात, 'अर्थ नाही, निव्वळ शब्दांचा खेळ' असं छापा. एका दादांच्या मते ती मोजणी आहे. मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय की 'माका नाका' म्हणजे टोलनाका, आणि त्या ओळीला ती हात आडवा धरून गाडी थांबवतात. बुधवारी छपाईला द्यायचंय, त्याआधी कळवा.

सांस्कृतिक समिती

---

मोजणीवाला दादा मीच. संगीतकार सी. रामचंद्रांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुलं 'ईनी मीनी मायनी मो' म्हणत खेळत होती, त्यावरून पहिली ओळ सुचली असं सांगतात. म्हणजे राज्य कुणावर ते ठरवायचं गाणं, आपल्या 'अडम तडम तडतड बाजा'सारखं. 'माका'चं म्हणाल तर मी देवगडचा, आमच्या मालवणीत 'माका' म्हणजे मला. पण 'नको'ला आम्ही 'नको'च म्हणतो, त्यामुळे 'नाका'पाशी माझी गाडी अडते.

---

मुलांनो, 'अर्थ नाही' असं कृपा करून छापू नका.

मी मूळची मडगावची. 'माका नाका' ही सरळ कोंकणी आहे: 'मला नको'. लिहिताना 'म्हाका', पण बोलण्यात तो 'ह' इतका हलका लागतो की कानावर 'माका'च पडतं. आमच्याकडे आई दुसऱ्यांदा शीत, म्हणजे भात, वाढायला आली की आजोबा ताटावर तळहात आडवा धरायचे आणि म्हणायचे, 'माका नाका'. डाव तसाच मागे फिरायचा.

गाणं 1957च्या 'आशा' चित्रपटातलं. एक किशोरकुमारचं, एक आशाबाईंचं. गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीत अण्णांचं, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. मुलांच्या खेळाची गोष्ट दादांनी सांगितली, तिचा पुढचा भाग असा की अण्णांचे सहायक जॉन गोम्स गोव्याचे होते आणि 'माका नाका' त्यांनी घातलं. मग असेच शब्द जोडत जोडत स्वारी 'रम पम पो'पर्यंत पोचली.

मला हे महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. त्या काळी मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे कितीतरी वादक होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेले, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे. गाण्याचे वाद्यमेळ लिहायचे ते, आणि त्यांची नावं मात्र क्वचितच कुठे दिसायची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता, 1961ला सुटला. अशा दिवसांत देशभर वाजणाऱ्या हिंदी गाण्यात आमच्या घरातले दोन शब्द आले. ती ओळ लागली की माझे वडील उठून रेडिओचा आवाज वाढवायचे.

बाकीच्या शब्दांत अर्थ शोधायचा हट्ट मला पटत नाही. 'चिका पिका रिका' म्हणजे तोंडाने वाजवलेला ताल, तबल्याचे बोल असतात तसा. 'धा'चा अर्थ कुणी विचारत नाही ना?

तुमची मडगावची काकू

---

काकू, देव बरें करूं! पुस्तिकेत आता असं जाईल: 'खेळातल्या मोजणीवरून सुचलेले तालाचे बोल. त्यात माका नाका हे कोंकणी, अर्थ मला नको. हे शब्द सी. रामचंद्रांचे सहायक जॉन गोम्स यांचे.' तीन ओळी होतात, पण एक जाहिरात खाली सरकवली.

शनिवारी चारला तालीम आहे, याल का? मुलं हात आडवा धरणं सोडायला तयार नाहीत. आता सोडायचंही कारण नाही, फक्त तो हात रस्त्यावरून ताटावर आणायचा, तो तुम्हीच दाखवा.

सांस्कृतिक समिती